लहान कार्यालयासाठी हब की स्विच: खरेदीपासून जोडणीपर्यंत

"आठ पोर्टचा हब द्या की," असे बेळगावातील संगणक-साहित्याच्या दुकानांत आजही ऐकू येते, आणि दुकानदार काहीही न विचारता जो डबा पुढे ठेवतो तो हब नसून स्विच असतो. दोन्ही डबे कार्यालयातील संगणक तारांनी एकमेकांशी जोडतात; पोर्ट म्हणजे त्यांवरची तार खोचण्याची जागा. वस्तू बदलली, नाव मागे राहिले. एरवी यामुळे काही बिघडत नाही. पण जुने कपाट आवरताना एखादा खरा हब हाती लागतो, "चालतोय की अजून" म्हणून तो एखाद्या टेबलाखाली जोडला जातो आणि मग सगळे कार्यालय का रेंगाळते आहे याचा शोध महिनोन्महिने लागत नाही. पाच ते वीस संगणकांची पतसंस्था, कर सल्लागाराचे कार्यालय, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाना, छापखाना किंवा दवाखाना यांच्यासाठी पहिल्यांदाच जाळे उभारणाऱ्या व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

आधी फरक समजून घ्या

हबला स्वतःची अशी काही समज नसते. एका पोर्टवर आलेला विद्युत संकेत ताजा करून तो उरलेल्या सर्व पोर्टांवर जसाच्या तसा सोडतो. पत्र कोणासाठी आहे हे न पाहता ते साऱ्या गावात वाचून दाखवावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे हबला जोडलेल्या संगणकांपैकी एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकदम सुरुवात केली तर संकेत एकमेकांवर आदळतात, दोघेही थांबतात, प्रत्येक जण आपापला थोडासा वेळ वाट पाहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. संगणक वाढले की आदळआपट वाढते आणि हबवर लिहिलेला वेग सर्वांमध्ये वाटला जातो.

स्विचचे काम पतसंस्थेत नव्याने रुजू झालेल्या शिपायासारखे चालते. पहिल्या दिवशी कोण कुठे बसते हे त्याला ठाऊक नसते, म्हणून एखादा कागद आला की तो सर्वांना विचारत फिरतो; पण ज्याने एकदा कागद दिला त्याचे टेबल तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट तिथेच जातो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक पत्ता मिळालेला असतो. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवरून बोलला याची तालिका स्विच ठेवतो आणि बराच वेळ, बहुतेक स्विचांत ३०० सेकंद, गप्प राहिलेला पत्ता तालिकेतून काढून टाकतो. म्हणून दोन टेबलांमधील देवघेव इतरांच्या तारांवर जात नाही, आणि प्रत्येक पोर्टवर एकाच वेळी पाठवणे आणि घेणे दोन्ही पूर्ण वेगाने चालू शकते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. पहिला व्यापारी इथरनेट स्विच १९९० मध्ये ज्या अमेरिकी कंपनीने बाजारात आणला तिचे नाव 'कल्पना' होते. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि हे नाव त्यांच्या पत्नीचे. सिस्कोने १९९४ मध्ये ती कंपनी विकत घेतली. त्या काळी स्विच हबपेक्षा फारच महाग होता, म्हणून हब बरीच वर्षे टिकला. १९९५ च्या मानकाने १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) वेग आला आणि १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर १००० एमबीपीएसचा, म्हणजे गिगाबिटचा. पण गिगाबिटचे हब व्यवहारात आलेच नाहीत. तेव्हा नवीन खरेदीपुरता प्रश्न निकालात निघतो: स्विचच घ्यायचा.

कपाटात सापडलेला डबा हब आहे की नाही हे ओळखणे अवघड नाही. त्याच्या पुढच्या बाजूला 'कोलिजन' किंवा 'कोल' असे लिहिलेला दिवा असतो, 'अपलिंक' असे लिहिलेला वेगळा पोर्ट किंवा खटका असतो आणि एका संगणकाने फाइल पाठवली की सर्व जोडलेल्या पोर्टांचे दिवे एकदमच लुकलुकतात. असा डबा मोडीत द्यावा.

पहिली पायरी: कागदावर खोली काढा आणि पोर्ट मोजा

दुकानात जाण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर कार्यालयाचा आराखडा काढावा आणि तार लागणारी प्रत्येक वस्तू त्यावर मांडावी. नवखे लोक फक्त संगणक मोजतात आणि तिथेच चुकतात. खानापुरातील एखाद्या मध्यम पतसंस्थेचा विचार करू: काउंटरवरचे पाच संगणक, व्यवस्थापकाचा एक, हिशेबाची मूळ प्रत असलेला मुख्य संगणक, नेटवर्क प्रिंटर, बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, वायफायचा अॅक्सेस पॉइंट आणि इंटरनेटचा राउटर. हे बारा पोर्ट झाले. आठ पोर्टचा स्विच पुरणार नाही, सोळाचा पुरेल आणि पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी चार पोर्ट मोकळे राहतील. एकूण गरजेच्या सुमारे पाव भाग जागा शिल्लक ठेवावी, असा माझा नेम आहे.

आठ-आठ पोर्टचे दोन स्विच घेऊन जोडले तर सोळा पोर्ट मिळतात असे वाटते, पण त्यांना एकमेकांशी जोडण्यात दोन्हीकडचा एकेक पोर्ट खर्च होतो आणि हाती चौदाच राहतात. शिवाय एका स्विचवरच्या सर्वांची दुसऱ्याकडे जाणारी देवघेव त्या एकाच तारेतून होते. दोन मजले किंवा दोन दूरच्या खोल्या असतील तरच दोन स्विच घ्यावेत, आणि तेव्हाही एकामागून एक साखळी न लावता प्रत्येक स्विचची तार मुख्य स्विचपर्यंत आणावी.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या कार्यालयात दोन संगणक आणि एक प्रिंटर एवढेच आहे तिथे राउटरच्या मागचे चार पोर्ट पुरतात; राउटरच्या आत एक लहान स्विचच असतो. जुना वायफाय राउटर स्विच म्हणून वापरण्याची युक्तीही चालते, मात्र त्यातली डीएचसीपी, म्हणजे संगणकांना आपोआप आयपी पत्ते (जाळ्यातील ओळख-क्रमांक) वाटणारी, सुविधा बंद करावी आणि 'वॅन' लिहिलेला, इंटरनेटच्या तारेसाठीचा पोर्ट मोकळा ठेवून तार 'लॅन', म्हणजे कार्यालयातील जोडणीच्या, पोर्टांतच घालावी. तसे न केल्यास दोन राउटर आपापल्या परीने आयपी पत्ते वाटू लागतात आणि निम्म्या संगणकांना इंटरनेट मिळते, निम्म्यांना मिळत नाही.

दुसरी पायरी: वेग ठरवा

इथे एक प्रश्न हमखास येतो: "आमचे इंटरनेटच ५० एमबीपीएसचे आहे, मग गिगाबिट स्विच कशाला?" प्रश्न रास्त आहे, पण लहान कार्यालयातील बरीचशी देवघेव इंटरनेटकडे जातच नाही. ती टेबलावरच्या संगणकाकडून हिशेबाच्या मुख्य संगणकाकडे, स्कॅनरकडून सामाईक फोल्डरकडे आणि कॅमेऱ्याकडून रेकॉर्डरकडे जाते. इंटरनेटचा वेग म्हणजे कार्यालयाच्या दारापुढच्या रस्त्याची रुंदी. आतल्या व्हरांड्याची रुंदी वेगळी मोजावी लागते.

हिशेब करून पाहू. एक जीबीची फाइल म्हणजे ढोबळ मानाने ८००० मेगाबिट. १० एमबीपीएसच्या हबवर दुसरे कोणीही बोलत नसताना तिला १३ मिनिटांहून अधिक वेळ लागेल. १०० एमबीपीएसच्या स्विचवर ८० सेकंद आणि गिगाबिटवर ८ सेकंद लागतील. प्रत्यक्षात यात थोडी भर पडते, आणि संगणकातील हार्ड डिस्क जुनी असेल तर गिगाबिटचा पुरता लाभ मिळत नाही. उद्यमबागेत जिथे यंत्रभागांची मोठी रेखाचित्रे दिवसातून अनेकदा उघडली जातात, किंवा छापखान्यात जिथे पानांच्या जड फाइली एका टेबलावरून दुसऱ्यावर जातात, तिथे हा फरक रोज जाणवतो. दवाखान्यात केवळ केसपेपरची नोंद आणि पावती एवढेच काम असेल तर १०० एमबीपीएस पुरेसा आहे. तरीही लहान स्विचांच्या किमतीतील अंतर आता इतके कमी झाले आहे की नवीन खरेदी करताना गिगाबिटच घ्यावा, असे मी सुचवेन.

स्विच प्रत्येक पोर्टचा वेग स्वतंत्रपणे ठरवतो. हजेरीयंत्र किंवा जुना प्रिंटर १०० एमबीपीएसचा असला म्हणून इतरांचा वेग उतरत नाही.

मात्र एक अडचण जुन्या वायरिंगमध्ये दडलेली असते. नेटवर्कच्या तारेच्या आत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात; १०० एमबीपीएसला त्यांपैकी दोनच लागतात. त्यामुळे तार वाचवण्यासाठी एकाच केबलमधील चार जोड्या दोन-दोन अशा वाटून दोन संगणक चालवण्याची पद्धत पूर्वी रूढ होती, आणि जुन्या कार्यालयांत ती अजून भिंतीत आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. अशा तारेवर नवीन स्विच लावला तरी वेग १०० वरच अडकतो किंवा जोडणी होतच नाही, आणि दोष स्विचला दिला जातो. म्हणून स्विच घेण्याआधी एखाद-दुसऱ्या टोकाचा कनेक्टर बारकाईने पाहावा: आठही तारा आत गेलेल्या दिसल्या पाहिजेत.

खोक्यावर 'स्विचिंग क्षमता' असा आकडा असतो. आठ गिगाबिट पोर्ट, प्रत्येकी येण्या-जाण्याचे दोन गिगाबिट, म्हणजे १६ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट). सोळा पोर्टना ३२. एवढा आकडा असला की सर्व पोर्ट एकाच वेळी पूर्ण वेगाने चालू शकतात. त्याहून मोठ्या आकड्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: साधा स्विच की मॅनेज्ड

साधा स्विच पेटीतून काढला, वीज दिली की चालू होतो. त्यात बदलण्यासारखे काही नसते. मॅनेज्ड स्विचमध्ये ब्राउझरमधून शिरता येते, पोर्ट बंद-चालू करता येतात, कोणत्या पोर्टवर किती देवघेव होते ते दिसते आणि एकाच स्विचचे दोन-तीन वेगळे विभाग, म्हणजे व्हीलॅन, पाडता येतात. या दोहोंच्या मधला 'स्मार्ट' नावाचा प्रकार लहान कार्यालयाला बहुधा पुरतो.

मी स्वतः अनेक वर्षे साधे स्विच लावत आलो, आणि एका पतसंस्थेतील प्रसंगानंतर माझे मत थोडे बदलले. दिवाळीच्या साफसफाईत एका टेबलाखाली लोंबकळणारे तारेचे टोक कोणीतरी, नीट राहावे या सद्हेतूने, जवळच्या मोकळ्या पोर्टमध्ये खोचून ठेवले. त्या तारेचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये होते. सर्वांसाठी पाठवलेला एखादा संदेश अशा वळशात सापडला की तो फिरतच राहतो आणि काही क्षणांत साऱ्या पोर्टांवर त्याचाच पूर येतो. काउंटर बंद पडले, बाहेर खातेदारांची रांग, आणि आम्ही मुख्य संगणक, राउटर, अँटिव्हायरस असे एकेक तपासत बसलो. सर्व दिवे एकसारखे, न थांबता लुकलुकत होते, हीच खरी खूण होती. ती कळायला मला दीड तास लागला.

असा वळसा ओळखून एक वाट आपोआप बंद करणारी 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधली. मॅनेज्ड स्विचांत ती असते, आणि कित्येक स्वस्त स्मार्ट स्विचांत 'लूप प्रिव्हेन्शन' नावाची साधी सोय असते. जिथे पैशांचे व्यवहार चालतात किंवा जिथे बरेच लोक तारांना हात लावतात, तिथे निदान ही सोय असलेला स्विच घ्यावा. ग्राहकांना वायफाय देणार असाल, किंवा कॅमेरे आणि हिशेबाचे संगणक एकाच स्विचवर ठेवणार असाल, तर व्हीलॅनसाठीही स्मार्ट किंवा मॅनेज्ड स्विचच लागेल. पण पाहुण्यांना अलग ठेवण्याचे काम राउटर आणि अॅक्सेस पॉइंट यांनीही तसेच केले पाहिजे, एकटा स्विच पुरत नाही. मॅनेज्ड स्विचचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि नवा पासवर्ड संस्थेच्या दप्तरात नोंदवावा, केवळ जोडणाऱ्याच्या डोक्यात राहू देऊ नये.

चौथी पायरी: तारेतूनच वीज हवी का

आयपी कॅमेरे, अॅक्सेस पॉइंट आणि काही टेलिफोन यांना नेटवर्कच्या तारेतूनच वीज देता येते. या सोयीला पीओई म्हणतात. २००३ च्या मानकानुसार प्रत्येक पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट आणि २००९ च्या मानकानुसार ३० वॅट मिळतात. तारेतील घट वजा जाता उपकरणापर्यंत अनुक्रमे १२.९५ आणि २५.५ वॅट पोहोचण्याची हमी असते. खरेदी करताना पाहायचा आकडा मात्र निराळाच आहे, तो म्हणजे साऱ्या स्विचची मिळून वीज देण्याची क्षमता. आठ पोर्टांवर पीओई असे लिहिलेले असले तरी एकूण क्षमता ६० वॅटच असेल, तर ७ वॅटचे आठ कॅमेरे चालतील, १२ वॅटचे पाचच चालतील. रात्री कॅमेऱ्यातील इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते, म्हणून हिशेब रात्रीच्या आकड्याने करावा.

मानकाप्रमाणे चालणारा स्विच समोरचे उपकरण वीज घेऊ शकते का हे आधी तपासतो आणि मगच वीज सोडतो. बाजारात 'पॅसिव्ह' प्रकारही मिळतो. तो काही न विचारता, बहुधा २४ व्होल्ट, सोडून देतो आणि चुकीच्या यंत्राला लावल्यास ते जाळूही शकतो. तो टाळावा. केवळ संगणक आणि प्रिंटर असतील तर पीओईसाठी जादा पैसे घालवू नयेत.

पाचवी पायरी: वीज, पाऊस आणि धूळ

आपल्या भागात स्विच बिघडण्याची कारणे बहुतेक वेळा त्याच्या आत नसून बाहेर असतात. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा विजांचा कडकडाट असतो, आणि एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून नेलेली तांब्याची तार ही विजेच्या झटक्याला आतमध्ये येण्याचे निमंत्रणच ठरते. खानापूरच्या बाजूला एका गोदामाकडे अशी ४० मीटर तार मीच ओढली होती. पहिल्याच वळवात दोन्ही टोकांचे स्विच आणि एका संगणकाचे नेटवर्क कार्ड गेले. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारा लहान डबा) किंवा एसएफपी, म्हणजे फायबर जोडण्याचा, पोर्ट असलेला स्विच एवढेच लागते.

स्विच आणि राउटर दोन्ही एकाच यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर घ्यावेत. आठ पोर्टच्या साध्या स्विचला काही वॅटच वीज लागते, त्यामुळे बॅटरीवर फारसा भार पडत नाही. पण फायबर कंपनीने भिंतीवर लावलेला डबा मात्र साध्या वीजजोडणीवर राहून जातो आणि वीज जाताच बाकी सगळे चालू असूनही इंटरनेट बंद पडते. अॅडॉप्टरवर त्या-त्या यंत्राचे नाव लिहून चिकटवावे. ५, ९ आणि १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरांच्या पिना दिसायला सारख्या असतात, आणि अदलाबदलीने जळालेल्या स्विचला वॉरंटी लागू होत नाही.

फाउंड्री किंवा यंत्रशाळेत आत पंखा असलेला नेटवर्क स्विच घेऊ नये. पंखा हवेबरोबर धातूचा बारीक कीस आत ओढतो, आणि तो कीस वीजवाहक असतो. पंखा नसलेला, धातूच्या आवरणाचा स्विच बंद कपाटात, वेल्डिंग यंत्रापासून दूर लावावा. जुन्या वाड्यांच्या जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात पाझरतात. अशा भिंतीवर स्विच थेट न ठोकता लाकडी फळीवर बसवावा.

तार आणि खरेदी

स्विचपासून संगणकापर्यंत तांब्याची तार एकूण १०० मीटरपेक्षा लांब नसावी. तारेच्या प्रतींपैकी कॅट-५ई गिगाबिटला पुरते. नवीन वायरिंग असेल तर कॅट-६ घालावी. स्वस्त खोक्यांत बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. ती वजनाला हलकी लागते आणि पात्याने खरवडली की आत पांढरी दिसते. ती लवकर तुटते आणि पीओईसाठी अजिबात योग्य नाही. विजेच्या तारेच्या केसिंग-कॅपिंगमध्ये नेटवर्कची तार घालू नये; दोन्ही एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. कनेक्टरचा रंगक्रम दोन्ही टोकांना एकच ठेवावा. सर्वत्र चालणारा टी-५६८बी क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

निपाणीकरांना कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडते, म्हणून तिकडून खरेदी होते. त्यात गैर काही नाही, पण कार्यालयाचा जीएसटी क्रमांक कर्नाटकातील असेल तर तो बिल फाडण्यापूर्वी दुकानदाराला सांगावा आणि कराची वजावट कशी मिळेल हे आपल्या कर सल्लागाराला आधीच विचारून घ्यावे. बिलावर स्विचचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. वॉरंटीत बदलून मिळणारे यंत्र कोणत्या शहरात द्यावे लागेल, हाही प्रश्न तिथेच विचारावा.

जोडणी आणि तपासणी

स्विच बसवून झाल्यावर आधी राउटर, मग मुख्य संगणक आणि त्यानंतर एकेक टेबल जोडावे, म्हणजे गडबड झालीच तर ती कोणत्या तारेने झाली हे लगेच कळते. आताचे स्विच सरळ आणि उलट जोडणीची तार स्वतः ओळखतात, त्यामुळे पूर्वीसारखी वेगळी क्रॉस केबल लागत नाही. दिव्याचा रंग वेग सांगतो. कोणता रंग म्हणजे गिगाबिट हे सोबतच्या पत्रकात दिलेले असते. मग प्रत्येक टेबलावरून एक मोठी फाइल मुख्य संगणकावर पाठवून वेळ मोजावी. एखाद्याच टेबलाला इतरांच्या दहापट वेळ लागला तर आधी त्याचा कनेक्टर पुन्हा क्रिंप करावा, म्हणजे तारेच्या टोकाला पकडीने दाबून बसवावा.

शेवटी प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा आणि कोणता क्रमांक कोणत्या टेबलाचा याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून लावावा. तक्ता मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहावा, कारण पुढच्या वेळी दुरुस्तीला येणारा मुलगा बैलहोंगलचा असेल की निपाणीचा, हे आज सांगता येत नाही.